टांगलेले झाड

शेवाळाशी माझा संबंध आयुष्यात दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी घसरलो. पहिल्यांदा गावच्या विहिरीच्या पायरीवर, वय वर्षे सात. दुसऱ्यांदा शाळेत, जीवशास्त्राच्या पेपरात. पाण्याच्या टाकीत वाढतं ते शैवाल आणि पावसाळी भिंतीवर मखमलीसारखं पसरतं ते मॉस, ही दोन अगदी वेगळी कुळं आहेत हे मला उत्तरपत्रिका देऊन बाहेर आल्यावर कळलं. त्या घसरणीतून जो सावरलो तो थेट वाणिज्य शाखेत. तिथून बँकेत. बँकेत शेवाळ उगवत नाही. उगवलंच तर ते खात्यांवर उगवतं, आणि त्याला आम्ही 'निष्क्रिय खाते' असं म्हणतो.

तर वाचकहो, हिरवं आणि निसरडं दिसेल त्या सगळ्याला मराठी माणूस शेवाळ म्हणतो, आणि मीही या लेखात मॉसला शेवाळच म्हणणार आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी क्षमा करावी. माझे मार्क कापून त्यांनी हिशेब आधीच पुरा केलेला आहे.

तिसरा संबंध आला तो मात्र कामकाजाच्या वेळेत. ऑगस्टमधल्या एका सकाळी एक तरुण मुलगी काउंटरवर आली आणि तिनं पिशवीतून नारळाएवढा हिरवागार गोळा काढून माझ्या पासबुक छापायच्या यंत्रावर ठेवला. गोळ्यातून वर मनीप्लँटची पाच पानं आलेली, आणि गोळ्याला टांगायला दोरी.

"काका, हे कोकेदामा. मला याचा धंदा करायचाय. कर्ज मिळेल?"

मी तिला मॅनेजरसाहेबांकडे नेलं. साहेबांनी गोळा सगळीकडून पाहिला.

"कुंडी कुठाय?"

"कुंडी नसतेच, सर."

"मग तारण काय?"

झाड आहे आणि कुंडी नाही, या गोष्टीनं साहेब इतके अस्वस्थ झाले की त्यांनी प्रकरण माझ्याकडे ढकललं. मी दिवाळी अंकांतून अधूनमधून लिहितो, त्यामुळे शाखेत मला 'लेखक' म्हणतात. हा किताब बक्षीस म्हणून नसून, जास्तीचं लिखाण माझ्या टेबलावर टाकायची सोय म्हणून आहे. "त्या फॉर्ममध्ये 'व्यवसायाची पार्श्वभूमी' असा रकाना आहे, त्यात चार ओळी खरडा," साहेब म्हणाले. त्या चार ओळींसाठी मी जपानात शिरलो आणि तीन महिने बाहेर आलो नाही.

कोके म्हणजे शेवाळ आणि दामा म्हणजे गोळा. नाव सरळ आहे, पण वंशावळ तशी सरळ नाही. या नावाचा बोलबाला झाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे तसा अलीकडे. पण गोळ्याचं घराणं जुनं. त्याची एक शाखा बोन्सायवाल्यांची. कुंडीत बरीच वर्षं काढलेलं झाड उचललं की मुळांचा घट्ट गोळा कुंडीच्या आकाराचा होऊन बाहेर येतो. तो तसाच तबकात ठेवायचा आणि त्यावर शेवाळ चढू द्यायचं, या प्रकाराला तिकडे 'नेआराई' म्हणतात. शब्दाचा अर्थ, मुळं धुणं. ही श्रीमंत शाखा. दुसरी शाखा मात्र अगदी आपल्यातली. ती समजून घ्यायला एदोला जावं लागतं.

एदो म्हणजे आजचं टोकियो. 1603 साली तोकुगावा इएयासु शोगुन झाला आणि त्याच्या घराण्यानं इथून अडीचशेहून अधिक वर्षं राज्य केलं. अठराव्या शतकात या शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात होती. सरदारांनी एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत काढायचं असा दंडक 1635 साली पक्का झाला, त्यामुळे प्रत्येक सरदाराचा इथे वाडा, आणि वाड्याला बाग. शहराची बहुतेक जमीन या वाड्यांनी आणि देवळांनी खाल्ली. राहिली सामान्य माणसं. ती जवळजवळ निम्मी वस्ती, पण त्यांच्या वाट्याची जमीन पाचव्या हिश्शाच्या आसपास.

मग ही माणसं राहत कुठे? नागाया नावाच्या लांबच लांब लाकडी चाळींत. मागच्या गल्लीतल्या साध्या बिऱ्हाडाचं माप ठरलेलं असे: साधारण नऊ फूट रुंद, बारा फूट खोल. हे वाचलं तेव्हा मला इतकं गहिवरून आलं म्हणून सांगू! माझं लहानपणीचं सुट्टीतलं गिरगाव, मावशीची दहा बाय बाराची खोली! फरक म्हणाल तर मावशीला एका बाजूला एक फूट जास्त. बाकी सार्वजनिक विहीर तीच, सार्वजनिक संडासही तेच. एवढंच की, एदोचा चाळमालक संडासातला माल शेतकऱ्यांना खत म्हणून विकून पैसे मिळवी. गिरगावच्या चाळमालकांना ही वाट सुचली नाही, नाहीतर त्यांनी भाडेकरूंना इतक्या नोटिसा पाठवल्या नसत्या.

तर अशा या नऊ बाय बाराच्या बिऱ्हाडांना झाडांचं वेड होतं. दारोदार रोपं विकणारे फेरीवाले, गल्लीत फळीवर मांडलेल्या कुंड्या. एकोणिसाव्या शतकात असागाओ, म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, या सकाळी उमलून दुपारी मान टाकणाऱ्या फुलांच्या चित्रविचित्र जाती काढण्याची लाट तिथे एकदा सोडून दोनदा आली. 1860 मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश माणूस एदोला गेला. चीनमधला चहा कंपनी सरकारसाठी हिमालयात आणला तोच हा गृहस्थ. त्याला झाडांचं कौतुक नवं नव्हतं. पण एदोच्या गरिबांच्या दारातली फुलं पाहून, फुलांची आवड ही जर सुधारलेपणाची खूण मानली तर आपल्या इंग्लंडातले सामान्य लोक यांच्या मागे पडतात, अशा अर्थाचा अभिप्राय त्यानं आपल्या 1863 च्या पुस्तकात लिहून ठेवला. त्या काळचा साहेब हे कबूल करतो म्हणजे फुलं खरोखरच चांगली असणार.

पण कुंडी ठेवायलाही जागा लागते. जमीन नाही, गल्लीतली फळी भरलेली, तेव्हा उरते कोण? वळचण! एदोच्या माळ्यांनी नेमकी तीच पकडली. शिनोबु नावाचा एक नेचा तिथल्या डोंगरांत खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढतो. त्याची सरपटणारी खोडं माळ्यांनी गोळा केली, बांबूच्या सांगाड्यावर शेवाळ बसवलं, त्यावर ती खोडं गुंडाळून बांधली आणि हे हिरवं प्रकरण वळचणीला टांगलं. याचं नाव 'त्सुरिशिनोबु', टांगलेला शिनोबु. माळी उन्हाळ्यात आपल्या यजमानांच्या घरी हा भेट म्हणून नेत, असं सांगतात. गोळा, होडी, विहिरीचा चौकोनी कठडा असे त्याचे आकार. खाली काचेची छोटी घंटा टांगायची. एदोचा उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखा घामट. पंखा नाही. मग पाणी शिंपडलेला नेचा पाहायचा, घंटेची किणकिण ऐकायची आणि डोळ्यांनी-कानांनीच थोडं गार व्हायचं. वीज न जाणारा हा पंखा आमच्या डोंबिवलीला अजून ठाऊक नाही.

शिनोबु या नावाचं मूळ सांगतात ते असं: मातीविना सोसतो, तग धरतो, म्हणून शिनोबु. या उच्चाराचा आणखी एक अर्थ आहे. दूर असलेल्याची आठवण काढत राहणं.

इथे मला आमच्या अण्णांना लेखात आणलं पाहिजे. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मी त्यांना देवरुखजवळच्या आमच्या गावाहून डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर आणलं. गावी त्यांचं परडं होतं, चार पोफळी, अळू, जास्वंद, आणि पावसाळ्यात नेच्यांनी भरून जाणारा गडगा. इथं आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे. अण्णा तक्रार करत नसत. सकाळी उठून ते गॅलरीत उभे राहत आणि मशीनकडे बघत. "अण्णा, काही हवंय का?" विचारलं की "नको रे" म्हणत. हा 'नको रे' काउंटरवर आम्ही रोज ऐकतो. सही करता न येणारा म्हातारा ग्राहक असाच म्हणतो.

शिनोबुचा शोध लागला त्या संध्याकाळी मी उत्साहानं घरी आलो आणि अण्णांना सगळी कथा सांगितली. चाळ, वळचण, मातीविना सोसणारा नेचा. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सोसतंय म्हणून टांगायचं का?" ते म्हणाले.

बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नव्हतं. दुसरा अर्थ मी त्यांना सांगितलाच नाही.

मी पुन्हा इतिहासात शिरलो. तिथे बरं असतं, कोणी आपल्याला प्रश्न विचारत नाही. या शिनोबुचं शास्त्रीय नाव दावालिया मारिएसी. हे मारिएस कोण? चार्ल्स मारीज नावाचा इंग्रज. इंग्लंडातल्या व्हीच या नामांकित रोपवाटिकेनं त्याला 1877 मध्ये रोपं शोधायला जपानला धाडला होता. दोन-तीन वर्षं जपान-चीन फिरून तो परत गेला आणि नेच्याला त्याचं नाव मिळालं. पुढे 1882 मध्ये तो आला हिंदुस्थानात! आधी दरभंग्याच्या महाराजांच्या बागांवर, मग ग्वाल्हेरला शिंद्यांच्या. तिथे तो आंब्यांच्या नादी लागला आणि आंब्याच्या जातींवर त्यानं मोठं टिपण केलं. 1902 साली ग्वाल्हेरलाच तो वारला. जपानच्या वळचणीला टांगलेल्या नेच्याचा नामधारी माणूस मराठी संस्थानाच्या मातीत विसावला आहे, हे मी त्या रकान्यात लिहिलं. आमचे साहेब ग्वाल्हेरचे नसल्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नेच्याचे गोळे योकोहामाच्या बंदरातून बोटीनं युरोप-अमेरिकेला जाऊ लागले. शिनोबु हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. त्या झोपेतच त्याला पेटीत भरायचं. तिकडच्या घरी पेटी उघडली की आत काय, तर वाळलेल्या काटक्यांचा तपकिरी गोळा! पैसे बुडाले असं माणसाला वाटायचं. पण तो पाण्यात बुचकळून टांगला की काही दिवसांनी त्यातून हिरवे कोंब निघत. हे वाचून बँकेच्या माणसाला आनंद होणारच. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की आम्ही खातं निष्क्रिय ठरवतो आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण खातेदार उगवला, कागद दाखवले, की पैसे परत! निष्क्रिय म्हणजे मेलेलं नव्हे. शेवाळाचं तर हे ब्रीदच आहे. त्याला खरी मुळं नसतात, पाणी अंगानंच प्यायचं. पाणी नसलं की ते सुकून कागदासारखं होतं, आणि पाऊस आला की परत हिरवं. दर नोव्हेंबरात अण्णांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. शेवाळ तो पहिल्या पावसात आपला आपणच देतं.

आपल्याकडे शेवाळ म्हटलं की घसरणं आठवतं. आमच्या सोसायटीच्या मे महिन्याच्या सभेत ब्लीचिंग पावडरीसाठी दरवर्षी ठराव होतो. जपानात शेवाळ म्हणजे वय, आणि वयाचा मान. त्यांच्या राष्ट्रगीतातच शेवाळानं झाकलेल्या खडकाचा उल्लेख आहे. क्योटोला साइहोजी नावाचं मंदिर आहे. 1339 मध्ये मुसो सोसेकी या झेन गुरूनं ते नव्यानं उभारलं, बाग आखली. त्यात शेवाळ लावायचा त्याचा विचार नव्हता. पुढे मंदिराची ओढाताण झाली, बागेची देखभाल परवडेना, आणि पडीक बागेवर शेवाळ आपणहून पसरलं. आज तिथे शेवाळाच्या सुमारे 120 जाती आहेत. 1977 पासून आधी अर्ज केल्याशिवाय आत घेत नाहीत आणि 1994 पासून ती बाग जागतिक वारसा आहे. तरतूद नसल्यामुळे एखादी गोष्ट जगप्रसिद्ध झाल्याचं हे उदाहरण मी आमच्या शाखेच्या गळक्या छताच्या संदर्भात साहेबांना ऐकवलं. त्यांनी ते फाइलला लावू नका म्हणून सांगितलं.

इतकं वाचल्यावर एखादा गोळा घरी करणं भागच होतं. जपानी कृतीत सात भाग केतो आणि तीन भाग अकादामा घेतात. केतो म्हणजे पाणथळातल्या कुजक्या बोरूंची चिकट काळी माती, अकादामा म्हणजे ज्वालामुखीची लाल दाणेदार माती. डोंबिवलीत दोन्ही मिळत नाहीत. मी नर्सरीतून चिकणमाती, कोकोपीट आणि शेणखत आणलं आणि रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून बसलो. माझा पहिला गोळा फुटला. दुसरा पसरला. तिसऱ्याच्या वेळी मागून आवाज आला, "उठ. मोदकाची उकड कधी मळली आहेस का?"

अण्णा खाली बसले. मातीत हात घातला आणि बराच वेळ नुसते मळत राहिले. मग मूठ दाबून बघितली. बोटांतून पाणी आलं तर ओली, मूठ उघडल्यावर चीर पडली तर कोरडी. गोळा वळला, दोन अर्धे केले, मधे नेच्याची मुळं बसवली, परत जोडला. नेचा आमच्याच गडग्यावरचा, मी गणपतीला गावी गेलो तेव्हा डब्यातून आणलेला. शेवाळ सोसायटीच्या मागच्या भिंतीचं, सुरीनं अलगद सोडवलेलं. ब्लीचिंगवाल्यानं ती भिंत आळसानं सोडली होती. देव त्याचं भलं करो. शेवाळ गोळ्यावर लपेटून वर दोरा. मी म्हटलं नायलॉनचा घ्या, अण्णा म्हणाले सुतळीच. सुतळी पाच आठवड्यांत कुजली, आणि ऑक्टोबरच्या एका दुपारी ग्रिलबाहेर टांगलेला गोळा खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या गादीवर पडला. गोळ्याला काही झालं नाही. गादीचं काय झालं ते सोसायटीच्या पत्रात सविस्तर आहे.

यापुढे गोळा ग्रिलच्या आत, नायलॉनवर, आणि सर्वस्वी अण्णांच्या ताब्यात. कोकेदामाला पाणी कधी द्यायचं हे बघून कळत नाही, उचलून कळतं. हलका लागला की बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत धरायचा, बाहेर काढून निथळू द्यायचा. नळाचं पाणी रात्रभर भरून ठेवलेलं बरं, क्लोरीननं शेवाळ करपतं. थेट ऊन नको, उजेड हवा. अण्णा रोज सकाळी गोळा तळव्यावर घेत, डोळे मिटून वजन करत आणि मला जाहीर करत, "आज हवंय," किंवा "आज नको." दोन वर्षांत त्या घरात ते प्रथमच कशाबद्दल तरी 'हवंय' म्हणत होते.

मे महिन्यात शेवाळ तपकिरी झालं. मी म्हटलं, गेलं. अण्णा म्हणाले, "तुझंच ना ते योकोहामा? थांब." आणि जूनच्या पहिल्या ओल्या वाऱ्यात ते परत हिरवं झालं. पण त्याच आठवड्यात गोळ्यातून पांढरी मुळं बाहेर डोकावू लागली. असं झालं की दोनच मार्ग, मोठा गोळा बांधायचा नाहीतर झाड जमिनीत लावायचं. अण्णांना मी हे दोन्ही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फक्त कोकण रेल्वेचं वेळापत्रक मागितलं.

गोळा आम्ही मांडीवर घेऊन गेलो. सहप्रवाशांनी आळीपाळीनं विचारलं, त्या सगळ्यांना अण्णांनी एदोचा इतिहास सांगितला, तोही माझ्यापेक्षा चांगला. शेवटी मास्तरच ते. घर उघडलं, पागोळ्या सुरू झाल्या होत्या. अण्णांनी दोरा कापला आणि गोळा गडग्याच्या पायाशी पुरला. मग म्हणाले, "मी गणपतीपर्यंत इथंच राहतो. शेजारची माणसं आहेत, तू काळजी करू नकोस." मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि मला वळचणीचा प्रश्न आठवला. तोंड मिटलं.

त्या मुलीचं कर्ज मंजूर झालं. 'व्यवसायाची पार्श्वभूमी' हा रकाना कोणीही वाचला नाही. वाचला असता तर कदाचित झालं नसतं. तिचे हप्ते वेळेवर येतात. आमच्या गॅलरीतला हूक सध्या रिकामा आहे, सौ. त्यावर चिमट्यांची पिशवी अडकवते.

अण्णांचा परवा फोन आला होता. नेच्याला तीन नवी पानं आली आहेत. पाऊस भरपूर आहे, नोव्हेंबरच्या दाखल्याला ते स्वतः येतील, पुढचं पुढे बघू. शेवटी म्हणाले, "येत्या शनिवारी येतोयस ना? अंगणात शेवाळ धरलंय. जपून ये, घसरशील."